माल टेम्पोचा, वेळ सायकलची

आज तळपायाची आग मस्तकात गेलीय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही म्हणून लिहितोय. मनगटं अजून दुखतायत, बोटं धड मिटत नाहीत, त्यामुळे चुका असतील तर असू देत.

मी बॅटरीची मोटर लावलेल्या, पेडलच्या तीनचाकीवरून पार्सलं पोचवतो. रस्ता आणि वेळ ॲप ठरवतं. आज दुपारची गोष्ट. पेटीत 160 किलो माल, बॅटरी निम्म्याखाली, आणि ॲपवर पुढच्या पार्सलला 6 मिनिटं. रस्ता दाखवला तो मोठ्या रस्त्याखालच्या भुयारी मार्गातून. मला शंका आली होती. पण मागच्याच आठवड्यात 'दाखवलेला मार्ग सोडला' म्हणून माझ्या नावावर शेरा पडलाय, म्हणून मुकाट्यानं गेलो. उतारावर गाडी घातली, वळण घेतलं, तर समोर लोखंडी खुंट. मोठ्या गाड्या आत शिरू नयेत म्हणून रोवलेले. उतरून वीत लावून मोजलं. मधली जागा फार तर 80 सेंटीमीटर. माझी तीनचाकी 1 मीटर रुंद आहे.

आता मागं यायचं. ज्यानं कधी मालाची तीनचाकी चालवली नाही त्याला हे कसं सांगू? हिला रिव्हर्स नसतो. पेडल उलटं फिरवलं की फ्रीव्हील नुसतं कटकट वाजतं, चाक जागचं हलत नाही. उतरायचं, एका हातानं हँडल धरायचं, दुसऱ्या हातानं पेटीची कड, आणि चढावर उलटं ओढायचं. गाडीचं स्वतःचं वजन 70 किलो, वर 160 किलो माल. हँडल जरा इकडं झालं की पेटी भलतीकडं वळते आणि भिंतीला घासते. दोन पावलं ओढायची, हँडब्रेक लावायचा, श्वास घ्यायचा, परत दोन पावलं. हँडब्रेक नीट लागला नाही तर सगळी गाडी अंगावरून पुढं खुंटांवर जाणार, या भीतीनं मी प्रत्येक वेळी तो दोनदा तपासत होतो. मागून माणसं येत होती, वैतागून बाजूनं जात होती. एक ताई तेवढ्या थांबल्या. हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि "सांगा, कुठं धरू?" म्हणाल्या. त्यांनी पेटीची दुसरी कड धरली नसती तर मी अजून तिथंच असतो. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

वर यायला 14 मिनिटं लागली. मग लांबच्या रस्त्यानं वळसा. पोचलो तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरात 'उशीर'. ज्यांचं पार्सल होतं ते गृहस्थ दारातच उभे. "अहो, 6 मिनिटं दाखवत होतं, कधीचा थांबलोय." त्यांचा काय दोष? त्यांच्याही फोनवर तेच 6 मिनिटं होतं. मी माफी मागितली. जी चूक माझी नाही तिची माफी मी दिवसातून किती वेळा मागतो, हे मोजायचं मी सोडून दिलंय.

आणि हे होतं कशामुळे, तर ॲपच्या लेखी माझं वाहन म्हणजे 'सायकल'. नोंदणी करताना तिथं तीनच पर्याय होते: सायकल, मोटारसायकल, चारचाकी. तीनचाकी नाहीच. गोदामातल्या माणसानं 'सायकल' वर बोट ठेवलं आणि विषय संपवला. त्या एका बोटामुळे मला जिने असलेले पादचारी पूल दाखवले जातात, बोळ दाखवले जातात, बागेतल्या पायवाटा दाखवल्या जातात. सायकल उचलून जिना चढता येतो. 230 किलो कोण उचलणार आहे?

पण सकाळी माल भरताना हीच गाडी सायकल नसते बरं का. तेव्हा ती टेम्पो असते. "अजून दोन खोकी बसतील की." "वरती जागा आहे, टाक वर." पाण्याचे कॅन, फरशी पुसायच्या द्रवाचे डबे, कागदाचे गठ्ठे, सगळं हिच्याच पेटीत, कारण टेम्पोला त्या भागात दुपारी जायला बंदी आणि उभं राहायला जागा नाही. म्हणून तर तीनचाकी आणली ना? टेम्पोचं काम करायला आणली, टेम्पोसारखी भरली, आणि वेळ मात्र सायकलची लावली.

त्यातही माल कसा भरायचा ते मी ठरवायचं नाही. ॲप ठरवतं. जे पार्सल आधी उतरायचं ते वर, जे शेवटी ते तळाला. ऐकायला बरोबर वाटतं. पण आधी उतरायचे जर 20 लिटरचे चार कॅन असतील, तर 80 किलो वजन पेटीच्या माथ्यावर येतं आणि खाली हलकी खोकी दबतात. जड खाली, हलकं वर, हे बैलगाडी भरणाऱ्यालाही कळत होतं. कारण सरळ आहे: दोन चाकांची सायकल वळताना आत झुकते, म्हणून ती पडत नाही. तीनचाकी झुकत नाही. वळणावर सगळा माल बाहेरच्या बाजूला रेटा देतो, आणि वेग दुप्पट झाला की तो रेटा चौपट होतो. वजन जितकं उंच तितकी गाडी लवकर उलटणार. आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं की सीटखाली एक क्षण सगळं हलकं होतं. तो क्षण ज्यानं अनुभवलाय त्याला विचारा. त्यावेळी घाबरून ब्रेक दाबला तर वजन पुढच्या एकट्या चाकावर जातं आणि गाडी जास्तच कलते. मी पहिल्या महिन्यात एकदा आडवा झालोय. कोपर सोललं, खोकी रस्त्यावर पसरली, आणि फुटलेल्या मालाचे पैसे माझ्या हिशोबातून कापले. माल वर कुणी रचायला लावला, हे कुणीही विचारलं नाही.

तीन चाकं आहेत म्हणजे पडणारच नाही, असं लोक तोंडावर सांगतात. उभी असताना पडत नाही! चालताना काय होतं ते चालवणाऱ्याला माहीत.

चढाचं सांगतो, म्हणजे त्या मिनिटांचा हिशोब कळेल. मी 70 किलोचा, गाडी आणि माल 230, झाले 300. 100 मीटर पुढं जाताना 5 मीटर वर जाणारा रस्ता घ्या, डोळ्याला तो चढ वाटतही नाही. त्यावर ताशी 6 किलोमीटरनं जायचं तरी जवळजवळ 300 वॉट ताकद लागते. बऱ्याच देशांत कायद्यानं अशा गाडीला 250 वॉटचीच मोटर चालते, तीही ताशी 25 किलोमीटरला साथ सोडते. धडधाकट माणूस दिवसभर पेडल मारत साधारण 75 वॉट देऊ शकतो. म्हणजे मोटर आणि मी, दोघांनी सगळं पणाला लावलं की चालत्या माणसापेक्षा थोडं पुढं जातो. आणि बॅटरी संपली तर? ताशी दीड किलोमीटर. म्हणजे उतरायचं आणि ढकलायचं. ॲपनं दिलेली मिनिटं आणि अंतर मी एका रात्री कागदावर मांडून पाहिलं. सगळीकडे ताशी 15-16 किलोमीटर धरलेत. चढ असो, उतार असो, पेटी रिकामी असो की भरलेली. मग मी 6 मिनिटांत कसा पोचायचा? सांगा ना कुणीतरी!

उतारावर वेळ भरून काढ म्हणतात. भरलेल्या गाडीचा वेग आवरायचा म्हणजे रिकाम्या गाडीच्या दुपटीपेक्षा जास्त जोर ब्रेकवर येतो. ब्रेक पॅड किती दिवस टिकणार? आणि नवे पॅड कुणाच्या खिशातून येतात? माझ्या.

पावसाचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. माझ्या गाडीत मागच्या दोन चाकांपैकी एकालाच चेनची ताकद मिळते. बऱ्याच मालाच्या तीनचाक्या अशाच असतात, स्वस्त पडतात म्हणून. ओल्या रस्त्यावर नेमकं तेच चाक रंगाच्या पट्ट्यावर किंवा गटाराच्या झाकणावर आलं की जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी हलत नाही. जोर लावून निघालो की गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही चाकांना ताकद मिळावी आणि वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं, यासाठी डिफरन्शियल असतं. जेम्स स्टार्ली नावाच्या इंग्रज कारागिरानं 1877 साली ते बसवलं, आणि कशात बसवलं? पेडलच्या तीनचाकीत. मोटारगाडी रस्त्यावर यायच्या आधी. हे वाचलं तेव्हा मला खरोखर रडू आलं. जी वस्तू तेव्हा आमच्या गाडीत बसली होती, ती आज कारमध्ये असते, आणि आम्ही अजून एका चाकावर ओढतोय. मागितली तर म्हणतात, "सायकलला कशाला हवं?"

सायकल. परत सायकल!

रस्त्यावर तर धड इकडं ना धड तिकडं. मोठ्या रस्त्यावर कार मागून हॉर्न मारतात, काच खाली करून "तुमची पट्टी तिकडं आहे" म्हणतात. सायकलच्या पट्टीत जावं तर मी निम्म्याहून जास्त जागा व्यापतो, मागचे सायकलवाले घंटी वाजवून कान किटवतात. त्यांचंही खोटं नाही, त्यांनाही पुढं जायचंय. आणि त्याच पट्टीत मध्येच एखादी कार 'दोनच मिनिटं' म्हणून उभी. सायकलवाला फुटपाथवर चढून पुढं जातो. मी नाही चढू शकत, मी उभा राहतो. रस्त्याची कड पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असते, आणि माझी गाडी झुकत नसल्यामुळे सतत त्या उताराकडे घसरते. दिवसभर हँडल उलट बाजूला धरून ठेवावं लागतं. मनगट दुखतं ते त्यानं. दुचाकीवाला खड्डा चुकवतो, कारवाला दोन चाकांच्या मध्ये घेतो. माझी चाकं तीन रेषांत चालतात. मध्ये घेतला तर पुढचं चाक आत, बाजूनं घेतला तर मागचं आत.

इमारतींचं वेगळंच. पुढच्या फाटकावर वॉचमन हात आडवा करतो: "मालाची गाडी मागनं." मागं जावं तर तिथला म्हणतो, "हे ट्रकसाठी आहे, सायकली पुढं लावा." एकाच इमारतीत, पाच मिनिटांच्या अंतरानं, मी ट्रकही ठरलोय आणि सायकलही. दोघांपैकी एकानंही गाडी आत घेतली नाही. मग रस्त्यावर लावायची, कुलूप घालायचं, कॅन खांद्यावर घेऊन वर जायचं. वर असताना सगळं लक्ष खाली. बाकीची वीस पार्सलं तिथं उभी आहेत. एक जरी गेलं तरी भरपाई माझी. कुणी पावती घेताना जरा रेंगाळलं की पोटात गोळा येतो. ते मला घाईवर आलेला उद्धट माणूस समजतात. मी उद्धट नाही हो. माझा सगळा दिवस खाली रस्त्यावर उभा आहे.

संध्याकाळी तक्रार करायला फोन लावला. तीनदा बटणं दाबल्यावर माणूस मिळाला. भुयारी मार्ग, खुंट, 14 मिनिटं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण सर, सायकल तिथून जाते." मी म्हणालो, माझी जात नाही, 1 मीटर रुंद आहे. तो म्हणाला, "सिस्टिममध्ये रुंदीची नोंद करायची सोय नाही." माझा चेहरा रोज सकाळी फोटो काढून ओळखायची सोय आहे. मी सिग्नलला किती वेळ थांबलो ते टिपायची सोय आहे. दाखवलेल्या रस्त्यापासून वीस पावलं सरकलो तर लगेच कळवायची सोय आहे. पण पेटीत किती किलो आहे आणि गाडी किती रुंद आहे, हे दोन आकडे लिहायची सोय नाही!

दोन आकडे. मी बाकी काही मागत नाहीये. नवी गाडी नको, शाबासकी नको, कुणाची दया तर मुळीच नको. रुंदी 1 मीटर. वजन माझ्यासकट 300 किलो. हे त्या ॲपमध्ये टाका आणि मग सांगा किती मिनिटं. त्या मिनिटांत नाही पोचलो तर खुशाल लाल अक्षरात लिहा, मी तोंडातून शब्द काढणार नाही.

त्या माणसानं तक्रार क्रमांक दिला. फोन ठेवतो न ठेवतो तोच उद्याची पहिली फेरी आली. 11 पार्सलं, त्यातले 6 कॅन, आणि रस्ता परत त्याच भुयारातून.