कपड्यांच्या दुकानातलं धुराडं

शनिवारी कट्ट्यावर वाजलं ते मिलीमुळे. पॅरिसला दोन वर्षं काढून ती नुकतीच परतली आहे. तिथं राहायला होती ‘मारे’ नावाच्या जुन्या भागात. वस्तीचं नावच मारे, त्यामुळे तीही मारे सांगत होती की एकदा तिथं राहिलं की उरलेलं पॅरिस कालपरवाचं वाटायला लागतं.

शऱ्या उसळला. "राहिलीस कुठं ते सांग ना. सहाव्या मजल्यावर, मोलकरणीच्या खोलीत!"

खोटं नव्हतं. जुन्या इमारतींत छपराखाली नोकरांसाठी काढलेल्या खोल्या आता भाड्यानं जातात. मिलीची दहा चौरस मीटरची होती. भाड्याच्या खोलीसाठी तिथल्या कायद्याचा किमान आकडा साधारण ९ चौरस मीटर, म्हणजे मालकानं एक मीटर दानधर्म केलेला. लिफ्ट नाही.

"खोलीत झोपण्यापुरतं जायचं रे. खाली अंगण होतं," मिली म्हणाली. रस्त्यावरून फक्त मोठा बंद दरवाजा दिसतो. कोड दाबला की त्यातली दिंडी उघडते आणि आत फरसबंदी चौक. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना खाली गुडघाभर उंचीचे गोटे आहेत, घोडागाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून बसवलेले. त्यातल्या एकावर ती रोज सामानाची पिशवी टेकवून किल्ली शोधायची. हे सांगताना तिनं हात असा काही केला की आम्हाला तो गोटा दिसलाच.

शऱ्या मात्र चार दिवस मारे हिंडून आलेला, त्यामुळे त्याचं मत पक्कं. "सिनेमाचा सेट आहे तो. ‘बूलांजरी’ अशी झकास जुनी पाटी बघून पाव घ्यायला गेलो, तर आत शर्ट टांगलेले! पाटी जपली आणि भट्टी विझवली."

आणि मग त्याचं आवडतं उदाहरण. तिथल्या फ्रां-बुर्जुआ नावाच्या रस्त्यावर एका जपानी ब्रँडचं कपड्यांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मधोमध विटांचं उंच धुराडं. ती एकोणिसाव्या शतकातली भट्टी. आसपासच्या सोनारांच्या कारखान्यातला केर तिथं जाळायचे आणि राखेतून सोनं-चांदी परत मिळवायचे.

"म्हणजे झारेकरीच की!" बापू म्हणाले. बापूंनी जन्मभर जुन्या इमारतींची दुरुस्ती केली आहे. असा शब्द सापडला की त्यांना पेन्शन वाढल्यासारखं होतं. "मग धुराडं पाडायला हवं होतं का?"

"नाही, पण सोनार कुठे गेले ते विचारा."

बापूंनी सुरुवातीपासून सुरुवात केली. (हा त्यांचा दोष आहे.) मारे म्हणजे दलदल. राजा चौथ्या आंरीनं १६०५ मध्ये तिथं चौक बांधायला घेतला, तो १६१२ मध्ये पुरा झाला. आजचा प्लास दे वोज. सरदारांनी आजूबाजूला हवेल्या उठवल्या. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला, बड्या घराण्यांचं लक्ष हळूहळू दुसरीकडे वळलं, आणि राज्यक्रांतीनं उरल्यासुरल्यांचा निकाल लावला. मग हवेल्यांत कारखाने आले, चौकांत पत्र्याच्या शेड चढल्या, दिवाणखान्यांत गोदामं झाली. रोझिए रस्त्याच्या आसपास पूर्व युरोपातून आलेले ज्यू राहिले. त्यातल्या कितीतरी जणांना नाझींच्या अमलात, जुलै १९४२ च्या धरपकडीत नेलं. नेलेल्या मुलांची आठवण तिथल्या शाळांच्या भिंतींवरच्या फलकांवर वाचावी.

"तेव्हा वस्ती वाचली कशी? कुणाला नको होती म्हणून!" बापू म्हणाले. एकोणिसाव्या शतकात पॅरिस नव्यानं आखणाऱ्या ओस्मानच्या रुंद रस्त्यांनी तिच्या थोड्याच भागाला हात लावला. १९२५ मध्ये वास्तुविशारद ल कोर्बुझिएनं या बाजूचा मोठा पट्टा पाडून उंच मनोरे उभारायचा आराखडा मांडला, तो कागदावरच राहिला. १९६२ मध्ये लेखक मालरो संस्कृतिमंत्री असताना जुन्या वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९६४ मध्ये मारेचे १२६ हेक्टर त्याखाली आले. शेड निघाल्या, चौक मोकळे झाले.

"आणि भाडी चढली," शऱ्या म्हणाला. "चौथ्या विभागात, म्हणजे मारेच्या दक्षिण अंगाला, १९६२ च्या निम्मीही वस्ती आता नाही."

इथं मिली खरी चिडली. "ती वस्ती कशी राहायची ते तरी वाच. एका खोलीत पाच माणसं, नळ जिन्यात. सेन नदीकडच्या बाजूचा एक तुकडा तर क्षयासाठी बदनाम होता, प्रशासनानं ‘अनारोग्य गट क्रमांक १६’ असा शिक्का मारलेला. तुला ती गरिबी फोटोपुरती हवी आहे. राहायला तू गेला असतास का?"

शऱ्या गप्प बसला. तो फार वेळ गप्प बसत नाही. "मी नसतो गेलो. पण नळ घरात आला तेव्हा जिन्यातल्या नळावर उभी राहणारी बाई तिथं असायला हवी होती, एवढंच म्हणतोय."

मला विचाराल तर त्या रात्रीचं हे सगळ्यात बिनतोड वाक्य. तरी बापूंनी त्यातही फट काढली. सगळे हाकलले गेले नाहीत, कुटुंबं लहान झाली, दोन घरांचं एक घर झालं, काही जागा कचेऱ्यांनी आणि संग्रहालयांनी घेतल्या. पाहुण्यांना दिवसावारी घर देणाऱ्यांवर आता वेसण आहे. स्वतःचं राहतं घर २०२५ पासून पॅरिसमध्ये वर्षाला ९० दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. त्यानं सोनार परत येणार नाहीत, हे बापूंनाही कबूल.

‘सेट’ या शब्दावर मात्र मिलीनं शऱ्याला उताणं पाडलं. प्लास दे वोजच्या त्या सुप्रसिद्ध लाल विटा आहेत ना, त्या सगळ्या विटा नाहीतच. काही भिंतींवर गिलावा करून त्यावर विटांच्या रेघा ओढल्या आहेत. "सेट तेव्हापासूनच आहे रे बाबा. राजाचा चौक, आणि त्यातही रंगवलेल्या विटा!"

बापू इतके खूश झाले की विषयच बदलला. मला तिथं जायचंय म्हटल्यावर मिलीनं बजावलं, दुकानांच्या रस्त्यानं चौकात शिरू नकोस. सेंत-आंत्वान रस्त्यावरून सुलीच्या हवेलीत जा, पुढचं अंगण ओलांड, मागच्या बागेच्या कोपऱ्यात एक लहान दार आहे. ते थेट प्लास दे वोजच्या कमानींखाली निघतं. शऱ्यानं हे दार पाहिलंच नव्हतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आणि तुझ्या अंगणाचं काय? आत जाता येईल?" मी विचारलं.

मिलीनं चार आकडे आणि एक अक्षर घडाघडा म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "पण कोड बदलला असेल आता."