आधी एकट्याने जा

काल रात्री खुर्साकडे, म्हणजे वाड्यावरच्या क्रुसापाशी, लादिन होती, म्हणजे सगळ्यांनी जमून करायची प्रार्थना. आज सकाळी आमच्या चर्चच्या ग्रुपवर फोटो आला. वाड्यावरचाच एक पोरगा, खुर्साच्या चौथऱ्याला टेकून बसलेला, मान कलंडलेली. एक चप्पल पायात, दुसरी चण्यांच्या द्रोणाशेजारी उलटी. खाली ओळ: ‘आमच्या चर्चचं भविष्य’. त्याखाली हसून रडणारे चेहरे. मोजले मी. सतरा. त्यातले नऊ जण आज मिस्साला माझ्या पुढच्या बाकांवर होते आणि ‘शांती असो’ म्हणत एकमेकांना हात जोडत होते. (हो, मी चर्चमध्ये फोन पाहिला. बोला काय बोलायचं ते.)

फोटो टाकणाऱ्याच्या स्टेटसला कोण, तर कार्लो अक्युतिस! पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला तो मुलगा, कॉम्प्युटरवर बसून पवित्र मिस्साच्या चमत्कारांची वेबसाइट करणारा. २०२५च्या सप्टेंबरात पोप लिओंनी त्याला संत म्हणून जाहीर केलं, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. इंटरनेटचा संत स्टेटसला आणि शेजाऱ्याच्या पोराची अब्रू ग्रुपला!

मी तसं लिहिलं, तर लगेच उत्तर: ‘खोटं काय आहे त्यात? प्यायला होता ना?’

होता. आणि पेला कोणी भरला? लादिनीला चण्यांबरोबर काय फिरतं ते तुम्हा-आम्हाला नवीन नाही. भरणारे हात तेवढे फोटोत आले नाहीत.

मला एवढं का लागलं ते सांगते. २०१८च्या जुलैत गोव्यात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात म्हणून गदारोळ झाला होता, आठवतंय? त्या आठवड्यात एक व्हॉइस मेसेज फिरला. वेंगुर्ल्याच्या बाजारात अमुक ठिकाणी बसणाऱ्या बाईकडची मासळी घेऊ नका, औषधाची आहे. मी तो चार ग्रुपवर ढकलला. समाजसेवा म्हणून. ती बाई आमच्याच दारावर वीस वर्षं येत होती, तरी. किंवा ती म्हणजेच ही, हे मी डोक्यात येऊच दिलं नाही.

सोमवारी ती आली. पाटी डोक्यावरून उतरवलीच नाही. नुसतं म्हणाली, ‘बाय, माझी मासळी खाडयेची. तेका औषध कित्याक लावतलंय?’

पाटीत काळुंदरं होती. एकाचे कल्ले अजून हलत होते.

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने पायऱ्या घालून दिल्यात. भाऊ चुकला तर आधी तू एकटा त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरीही ऐकलं नाही, तर मग मंडळीला सांग. दर तीन वर्षांनी रविवारी हे वाचन येतं, यंदा सप्टेंबरात पुन्हा येईल. आपण ‘हे ख्रिस्ता, तुझी स्तुती असो’ म्हणून बसतो आणि थेट तिसऱ्या पायरीवरून सुरू करतो. दोनशे बारा जणांची मंडळी खिशातच आहे, एकट्याने कशाला जायचं! २०२०च्या सप्टेंबरात याच शुभवर्तमानावर बोलताना पोप फ्रान्सिस म्हणाले होते, कुचाळकी ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. तेव्हा लोक पटापट मरत होते, तरी म्हणाले.

ग्रुप वाईट नाही, कबूल. तौक्ते वादळात कोणाची कौलं उडाली, कोणाच्या घरी जनरेटरवर फोन चार्ज होतो, हे रेंज आल्यावर तिथेच कळलं. आणि लहान मुलांवर कोणी हात टाकत असेल तर तिथे एकट्याने समजूत घालायला जायचं नाही, सरळ पोलिसात जायचं. पण दारू पिऊन झोपलेला बावीस वर्षांचा पोरगा म्हणजे ते नव्हे. त्याला उठवून घरी न्यायला दोन माणसं पुरली असती. फोटो काढायला एक होताच.

माझं ऐकाल तर माझंही काही धड नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी तिच्याकडून दुप्पट मासळी घेतली. मेसेज डिलीट करायला गेले तर वेळ उलटून गेलेली. पण ‘ते खोटं होतं, मी न विचारता पाठवलं’ ही एक ओळ त्या चार ग्रुपवर टाकायची, ती आजवर टाकली नाही. लाज वाटली. जुलैत आठ वर्षं होतील. ती अजून येते, अजून ‘बाय’ म्हणते.

एवढं लिहून वरपासून वाचलं आणि थांबले. मी तरी काय करतेय? फोटो टाकणाऱ्याकडे एकटी गेले का? नाही. त्याचं स्टेटस सांगितलं, बाकांवरचे नऊ मोजले, आणि वाड्यावरचं कोणीही ओळखेल असा त्याला तुमच्यासमोर उभा केला. त्याच्या नोकरीवर एक टोमणा होता, तो आत्ता पुसला. स्टेटसचा ठेवलाय. तेवढा राग अजून शिल्लक आहे.

दोनदा फोन लावला, उचलत नाही. घर चार घरं सोडून आहे. चप्पल घालते.