'मेसेज चार मिनिटं उशिरा, पैसे वाया' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुम्हाला मनस्ताप झाला, माफ करा. सकाळी तो एक स्टार पाहिला आणि चहा तसाच निवला. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आमचा नेटवर्क प्रोग्रामिंगचा क्लास चालतो, आणि नवीन मुलं आधी रिव्ह्यूच बघतात.

तुमचं म्हणणं असं, की अजिंक्यताऱ्यावरच्या प्रॅक्टिकलला मेसेज चार मिनिटं उशिरा आला, दोनदा आला, आणि शिकवलं ते २००३ चं. दोनदा आला हे खरं. या नंबरचा मेसेज आधी येऊन गेलाय का, हे तपासणारा कोड आम्ही दुपारी देणार होतो, तो सकाळीच द्यायला हवा होता. चूक आमची.

पण चार मिनिटांचं काही गळ्याखाली उतरत नाही. दरवाज्यापासून मंगळाईच्या देवळाकडे बारा फोनची साखळी होती, सगळ्यांची सिम काढलेली. टॉवर नाही, राउटर नाही. ज्याने त्याने पुढच्याला निरोप द्यायचा. सातवा फोन तुमचा. एओडीव्हीत, म्हणजे फोनांनी आपसात वाट शोधायच्या पद्धतीत, दर सेकंदाला शेजाऱ्यांना 'हॅलो' ('मी आहे' एवढाच निरोप) जातो, दोन हुकले की शेजारी गेला असं धरतात. लॉग समोर ठेवूनच लिहितोय: ११:४१ ला तुमचा हॅलो बंद, ११:४६ ला सुरू. मधल्या वेळात तुम्ही फोन खिशात घालून काकडीवालीकडे गेला होता. मी हाकही मारली होती. ११:४२ ला निघालेला मेसेज सहाव्या फोनवर थांबला, कारण 'शेजारी तुटला' हा इव्हेंट आला की मेसेज रांगेत ठेवायचा आणि 'शेजारी आला' की सोडायचा, असेच हँडलर, म्हणजे इव्हेंट आला की चालणारे कोडचे तुकडे, आपण शनिवारी लिहिले. तुम्हीच टाईप केले होते! वाट मोडली एवढंच एओडीव्ही सांगतो, मेसेज जपणं ॲपचं काम. तो जपला गेला, पोचला. यात बिघडलं काय?

२००३ चं म्हणाल तर आरएफसी ३५६१, म्हणजे एओडीव्हीचे नियम लिहिलेला कागद, त्या सालची, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. गरज पडली तरच वाट शोधायची, हे त्यातून लवकर कळतं. पुण्यात यापेक्षा चांगलं शिकवतात म्हणालात. शिकवत असतील. १८०० रुपयांत दोन दिवस शिकवून वर गडावर कोण नेतं, तेवढं मलाही कळवा.

पुढच्या बॅचला सुट्टीच्या वेळेचं काहीतरी बघू, सूचनाही नीट देऊ. तुम्ही पुन्हा या, फी घेणार नाही. फक्त तुमचा फोन साखळीत शेवटचा ठेवू.