पुन्हा तो पिवळा त्रिकोण!

मीटिंगमध्ये तोंड उघडायचा अवकाश, लॅपटॉपचं वाय-फाय गायब! सिग्नल कमी वगैरे नाही, अख्खा आयकॉनच गुल. विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडा, तर वाय-फायच्या अडॅप्टरवर पिवळा त्रिकोण आणि 'कोड 10'. म्हणजे काय, तर डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही. अरे, ते मलाही दिसतंय की!

ट्रबलशूटर चालवा. पट्टी सरकत राहणार आणि शेवटी शहाणपणा काय, तर ऑनलाइन मदत घ्या. कशावर घेऊ, पाटी-पेन्सिलीवर? नवा ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवायलाही नेटच लागतं, म्हणून फोन केबलने जोडून बसायचं. डिसेबल-एनेबल, अनइन्स्टॉल, जुन्या ड्रायव्हरवर रोलबॅक, सगळं करून झालं. पॉवर मॅनेजमेंटमध्ये तर वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करायची परवानगी आधीच टिक करून ठेवलेली! चालू कामात वीज वाचवायला सांगितलं कोणी? काढली ती टिक. जरा बरं चालतंय म्हणेपर्यंत रात्रीत अपडेट आपणहून येणार आणि तोच फुटका ड्रायव्हर पुन्हा बोकांडी बसवणार.

आणि कस्टमर केअर? "सर, रीस्टार्ट करून बघितलंत का?" नाही हो, इतका वेळ लॅपटॉपला ओवाळत बसलोय!