कूलर बंद, रणगाडा चालू

भुसावळच्या उन्हाळ्यात काही गोष्टी करायच्या नसतात. भर दुपारच्या मुहूर्ताच्या लग्नाला जायचं नसतं. गच्चीच्या लोखंडी जिन्याला हात लावायचा नसतो. स्टेशनवर कुणाला सोडायला गेलो, तर गाडी किती लेट आहे हे कळायच्या आत घरी परतायचं असतं. या यादीत माझी एक भर: प्लॅस्टिकचा रणगाडा जोडायला घ्यायचा नसतो. त्यातून १/१६ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचा, तर नाहीच नाही.

रणगाडा माझा नव्हे, भाच्याचा. हा आजार त्याला नगरला जडला (तेव्हा ते नगरच होतं, अहिल्यानगर नंतर झालं). तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ सालचं. शाळकरी वयात ते पाहून आलेला हा मुलगा पुढे आठवडाभर तोंडाने रणगाडा चालवत होता. आता पुण्यात वन बीएचकेत राहतो, आणि तिथे हा खोका पलंगाखालीसुद्धा जात नाही. मग फोन आला. "मामा, तुम्ही रिटायर झालात, जागाही आहे. तुम्हीच जोडा ना. सोपं असतं, नुसतं चिकटवायचं."

मी रेल्वेत होतो, पण कचेरीत. इंजिन पीओएचला जायचं, म्हणजे ठराविक मुदतीनंतर पूर्ण खोलून, धुऊन-रंगवून पुन्हा लाइनवर यायचं, तेव्हा त्याचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. पाना कधी हातात धरला नाही. आमच्या गल्लीत मात्र बहुतेक सगळे इंजिन शेडमधले. पलीकडे रिटायर झालेले फिटरभाऊ, कोपऱ्यावर ऐंशी ओलांडलेले ड्रायव्हरकाका, आणि समोर वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. यांच्या देखत मी स्क्रू फिरवायचा म्हणजे हलवायाच्या दारात जिलबी पाडण्यासारखं होतं.

शिमगा झाला आणि खोका उघडला. आत प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला बारीक बारीक भाग लटकलेले. या चौकटीला स्प्रू म्हणतात. प्रत्येक भाग निप्परने तोडायचा, तुटल्या जागी राहिलेला कोंब पात्याने छाटायचा आणि मग काचपेपर मारायचा. एवढं केल्यावर तो भाग दुसऱ्या तशाच भागाला लावायचा, आणि दोघांचं मिळून जे काही होतं ते रणगाड्याच्या पोटात जाऊन कायमचं दिसेनासं होतं.

खोक्यातला रणगाडा शर्मन, हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन गडी. १९४२ ते १९४५ या काळात पन्नास हजाराच्या आसपास तयार झाले. खरा साधारण पावणेसहा मीटर लांब आणि तीस टन वजनाचा. १/१६ म्हणजे एका फुटाला पाऊण इंच, म्हणून आमचा छत्तीस-सदतीस सेंटिमीटरचा. फिटरभाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वजन किती भरीन भो?" मी पेपरच्या कोऱ्या जागेत हिशेब केला. लांबी सोळाव्या हिश्शाने, रुंदी तशीच, उंचीही तशीच, म्हणजे वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, ४०९६ पटीने कमी. सव्वासात किलोच्या वर. पण प्लॅस्टिकचं प्रत्यक्ष वजन त्याच्या जवळपासही नव्हतं. फिटरभाऊंनी खोका उचलून पाहिला आणि पुन्हा कधी शर्मनबद्दल आदराने बोलले नाहीत.

एप्रिल लागला, पारा चाळिशीच्या पार गेला आणि खरं युद्ध सुरू झालं. ते जर्मनांशी नव्हतं, कूलरशी होतं. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला. चालू केला की भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत उलटतं. माझ्यासमोर ताटलीत मशीनगनची मूठ, हॅचची कडी, दिव्यावरची जाळी असा नखाएवढा सरंजाम. कूलर लावला की तो उडतो. बंद केला की घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर येतो, तिथे क्षणभर थांबतो आणि नेमका रंगवलेल्या भागावर पडतो. पंख्याने मधला मार्ग निघेल असं वाटलं होतं, पण आमचा पंखा एकवर फिरत नाही आणि दोनवर थांबत नाही.

शेवटी घरात तह झाला. अकरा ते एक कूलर बंद, रणगाडा चालू. एकनंतर रणगाडा बंद, कूलर चालू. त्या दोन तासांत बायको शेजारी जाऊन बसायची आणि जाताना दरवाजा ज्या पद्धतीने लावायची, त्याने ताटलीतले दोन-तीन भाग तरी जागा सोडायचेच. खाली पडलेला भाग खाली नसतो, हा या छंदाचा पहिला नियम. तो सतरंजीच्या सुताडात असतो, पायजम्याच्या काठात असतो, किंवा कुठेच नसतो. मग रोज सकाळी केर काढून झाला की सुपली माझ्यासमोर यायची. मी ती वर्तमानपत्रावर रिकामी करायचो आणि चिमट्याने निवडायचो. दाण्याचं टरफल, केस, तुटलेली टिकली, आणि नशीब असलं तर तोफेचं दर्शक भिंग.

चिकटवण्याचं शास्त्र तर खान्देशाच्या हवेने पार उलटं करून टाकलं. प्लॅस्टिकचं जे सोल्यूशन येतं ते खरं तर चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. हे ऐकून फिटरभाऊ पहिल्यांदा खूश झाले. "म्हणजे वेल्डिंगच की!" पण धातूच्या बारीक पट्ट्यांना ते चालत नाही, तिथे फेव्हिक्विक लागतं. आणि फेव्हिक्विक घट्ट होतं ते हवेतल्या ओलाव्याने. आता एप्रिल-मेच्या दुपारी भुसावळच्या हवेत ओलावा कुठून आणायचा? पट्टी लावून मी हात सोडला की ती मजेत घसरत खाली यायची. बोटाला मात्र घाम असतो. त्यामुळे पट्टी रणगाड्याला सोडून मला चिकटायची, आणि अशी की ज्याचं नाव ते. कूलरच्या हवेत ओलावा भरपूर, पण कूलरचं काय होतं ते वर आलंच आहे. अखेर टेबलावर वाटीभर पाणी ठेवून, वर उलटं पातेलं झाकून, त्याच्या पोटात पट्टी वाळवायची युक्ती सापडली. सासूबाई त्या दिवसांत अमळनेरहून आल्या होत्या. पातेलं उचलून आत डोकावल्या.

"जवाईबापू, हाई काय शे?"

"रणगाडा आहे. त्याचा एक भाग."

"हाऊ चालस का?"

"नाही, नुसता ठेवायचा."

"मंग कसाले करी ऱ्हायनात?"

मग कशाला करताय, हा प्रश्न तसा गल्लीतल्या प्रत्येकाने विचारला, पण त्याला इतकं नेमकं रूप कुणी दिलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की या धंद्यात चालणारे रणगाडेही आले होते. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तो मोटारीवर चालणारा, आणि आत मोटार आणि सेल बसावेत म्हणून जे माप ठरलं तेच १/३५. सेलच्या आकाराने ठरलेलं ते अडनिडं माप आज जगभर चालतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग याले सेल का बरं नही?"

शर्मनच्या प्रत्येक बाजूला तीन बोग्या, आणि प्रत्येक बोगीला दोन चाकं. आत गुंडाळलेल्या पट्टीसारखी शंकूच्या आकाराची स्प्रिंग. ही स्प्रिंग दिसल्यावर मात्र फिटरभाऊ खुर्ची ओढून बसले. असली स्प्रिंग रेल्वेच्या बफरमध्येही वापरत. मग त्यांनी सहाच्या सहा बोग्या माझ्या हातून काढून घेतल्या, आणि मी चिमटा देणारा खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस झालो. जोडता जोडता "हे पोरांचं काम आहे" असं ते सारखे म्हणत होते, आणि जेवायला बोलावणं आलं तरी उठत नव्हते.

ड्रायव्हरकाका अजून लांबच होते. ते रोज संध्याकाळी येऊन बघायचे आणि "हूं" म्हणून जायचे. एकदा मी सहज वाचून दाखवलं की शर्मन मोटारींच्या कारखान्यांबरोबर इंजिनांच्या कारखान्यांतही बनले. लिमा लोकोमोटिव्ह, अमेरिकन लोकोमोटिव्ह, बाल्डविन. काका वळले. "बाल्डविन? आपलं डब्ल्यूपी बाल्डविनचंच की!" खरंच होतं. आपल्या डब्ल्यूपी वाफेच्या इंजिनाचे पहिले नग १९४७ साली बाल्डविननेच पाठवले. "म्हणजे हा आपल्या डब्ल्यूपीचा थोरला भाऊ," काका म्हणाले, चष्मा पुसला आणि शर्मन इतका उंच का, हे विचारलं. मीही वाचून तयार होतो. पहिल्या नमुन्यांत विमानाचं गोल इंजिन बसवलं, ते मावायला पाठ उंच करावी लागली. "डिझाइन करणारा कचेरीतला असणार," काका माझ्याकडे बघून म्हणाले.

वरणगावकरांनी शर्मनला अखेर आपल्यात घेतलं. अमेरिकेचा म्हणून सोडून द्यायचं कारण नाही, असं त्यांचं मत. १९४५ साली ब्रह्मदेशात मेइक्टिलाला डेक्कन हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे शर्मनच लढले, आणि १९६५ साली पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर त्याच डेक्कन हॉर्सकडे पुन्हा शर्मन होते. "वीस वर्षांनी, त्याच गाडीत, नव्या कोऱ्या पॅटनसमोर!" हे सांगताना ते उभे राहिले. मेइक्टिला ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात येतं, धुळीचं आणि उन्हाचं. म्हणजे आपल्यासारखंच, म्हणून रंगही तिथल्या शर्मनचाच द्यायचा ठरला.

त्याआधी चाकांभोवतीचे पट्टे. एका बाजूला ७९ कड्या, दोन्ही मिळून १५८, आणि एकेक कडी पुन्हा चार-पाच तुकड्यांची. याबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्या दिवसांत मी कुणाशी फारसा बोललोही नाही.

रंगाचा डबा स्प्रेचा. त्यावर लिहिलेलं, पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नये. आमच्या गच्चीवर पत्र्याखाली दुपारी दोन वाजता काय असतं ते त्या लिहिणाऱ्याला माहीत नाही हेच बरं. शिवाय दहानंतर फवारा मारला, तर रंग रणगाड्यावर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि भुकटी होऊन बसतो. म्हणून पहाट गाठायची. पण पहाटे गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालायला गल्लीतल्या बायका जमतात. ओल्या बिबड्यांच्या रांगा एकीकडे आणि हातात लष्करी हिरव्या रंगाचा डबा घेतलेला मी दुसरीकडे. वारा कुठला आहे यावर तिथे जी चर्चा झाली, तेवढी हवामान खात्यातही होत नसेल. मला पाण्याच्या टाकीमागे जागा मिळाली, बसून फवारा मारण्याच्या अटीवर. कावळे राखायचं कामही ओघानेच माझ्याकडे आलं.

रंग उत्तम बसला, आणि मग तो मळवायचा होता. हे बायकोला समजावणं सगळ्यांत अवघड. रणांगणावरचा रणगाडा शोरूममधल्यासारखा दिसत नाही. कडांचा रंग झिजवायचा, धुराड्याशी काजळी, पट्ट्यांत धूळ. फिटरभाऊंनी शेतातली काळी माती आणली. ती मी चहाच्या गाळणीने गाळली (जुन्या, हे नमूद करतो), पातळ डिंकात कालवली आणि बोग्यांच्या खाचांत कुंचल्याने एकेक थेंब सोडत बसलो. वर कोरडी धूळ फुंकली. झाल्यावर तो खरोखर मेइक्टिलाहून चालत आल्यासारखा दिसत होता. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आता वास तेवढा डिझेलचा यायला पाहिजे." रणगाडा दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवला आणि भाच्याला फोटो पाठवला.

दोन दिवसांवर आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. लेक माहेरी येणार, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाचा बेत, त्यामुळे घरात झाडझूड जोरात. मी पुरणासाठी गूळ आणायला बाजारात गेलो होतो. परत येऊन बघतो तो टीव्हीशेजारी शर्मन चकाचक उभा. पट्टे, बोग्या, धुराडं, सगळं ओल्या फडक्याने पुसलेलं. नळीच्या टोकालासुद्धा फडकं गेलेलं.

"किती माती बसली होती हो त्याच्यावर," बायको म्हणाली. "एवढं दोन महिने खपलात आणि साधं पुसायला नको?"

मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरकाका आले. चष्मा लावून त्यांनी रणगाड्याला पूर्ण एक फेरी मारली.

"वा! झाला का पीओएच?" ते म्हणाले. "मग द्या लाइनवर."