एन३०० आणि एन्जॉय : नावाखाली झालेली गल्लत

‘दक्षिण अमेरिकेत शेव्हर्ले एन३०० म्हणून धावणारी चिनी व्हॅन आणि आपल्याकडची शेव्हर्ले एन्जॉय ही एकच गाडी, मुळात ती मारुती ओम्नीची नक्कल, आणि तिच्यामुळेच जनरल मोटर्सने भारतातून गाशा गुंडाळला’, असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातले चीन तेवढे खरे आहे.

एन३०० म्हणजे चीनमधली २००८ सालची वूलिंग रोंगग्वांग, तर एन्जॉय २०१० सालच्या वूलिंग हाँगग्वांगवरून घेतलेली आणि २०१३ पासून काही वर्षे गुजरातेत हालोलला तयार झालेली. दोन्हींचे माहेर वूलिंग कंपनीचे चीनमधले ल्यूजौ शहरच; पण फरक ओळखायला रस्त्याच्या कडेला उभे राहिले तरी पुरते. एन३००चा मधला दरवाजा सरकतो, एन्जॉयचा बिजागरीवर उघडतो. एन३००चे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे प्लग पाहायचा तर आधी सीट उचलावी लागते. एन्जॉयला बॉनेट उघडले की काम झाले. मागे एन३००ला ओझे वाहणारे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, एन्जॉयला कॉइल स्प्रिंग. म्हणजे एक माल आणि माणसे दोन्ही वाहण्यासाठी बांधलेली, दुसरी प्रामुख्याने माणसांसाठी.

ओम्नीचे मूळ सुझुकी कॅरी या जपानी गाडीत आहे. ल्यूजौच्या कारखान्याने ऐंशीच्या दशकात काढलेला पहिला छोटा ट्रक मित्सुबिशी मिनिकॅबवर बेतलेला होता. चीनमध्ये कॅरीचा वारसा गेला तो चांगआन या वेगळ्याच कंपनीकडे. तेव्हा नक्कल म्हणायचीच असेल, तर निदान कोणाची ते तरी नीट सांगावे.

एन्जॉय फारशी खपली नाही, हे मान्य. तथापि शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा बाजारातला कंपनीचा एकूण वाटाच जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होता, आणि २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावण्याची नामुष्कीही कंपनीवर आलेली होती. एवढे सगळे एका व्हॅनच्या माथी मारता येत नाही. शिवाय कंपनीचा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालूच होता.

याच मजकुरात ‘शून्य तारे’ हा शिक्का एन३००वरही मारलेला आहे. मार्च २०१७ मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले ते एअरबॅग नसलेल्या एन्जॉयला, आणि तिचा सांगाडाही अस्थिर ठरवला. तो निकाल गंभीरच आहे. पण तो एन्जॉयचा आहे. इंजिनाची जागाच वेगळी असलेल्या गाडीचा पुढचा भाग धडकेत कसा चेमटेल, हे त्यावरून ठरत नाही.