हलगी बंद करा म्हणणाऱ्यांना

शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले दोन आठवडे एकच वाद चालू आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एका फुटबॉल सामन्यानंतर दोन तालमींच्या संघांच्या समर्थकांत हाणामारी झाली आणि आता बांधकाम व्यवसायात स्थिरावलेल्या आमच्या एका मित्राने फुटबॉलचे वातावरण सुधारण्याचा पाच कलमी आराखडा मांडला. हलगी बंद करावी, पायऱ्यांवर खुर्च्या बसवाव्यात, गोल झाला की ध्वनिक्षेपकावर गाणे लावावे, माईकवर उत्साह वाढवणारा निवेदक ठेवावा, आणि दंगा करणाऱ्या तालमीच्या सगळ्या समर्थकांना हंगामभर प्रवेशबंदी करावी. तो एवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसलो असतो, पण खाली त्याने माझे नाव घालून लिहिले, "त्याला विचारा की, जर्मनीत कसं सगळं शिस्तीत असतंय."

विचारले आहे, तर सांगतो.

मी 2012 पासून जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये राहतो आणि आज माझ्याकडे तिथल्या बोरुसिया क्लबाच्या मैदानातल्या दक्षिण स्टँडचे हंगामी कार्ड आहे. 81,365 प्रेक्षकांच्या त्या मैदानात या एका उतारावर जवळजवळ 25 हजार माणसे उभी असतात, खुर्चीशिवाय, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. शेजारच्याचे कोपर बरगडीत असते आणि गोल झाला की वरच्या रांगेतल्या कोणाची तरी बिअर मानेवरून आत उतरते. निवेदक आहे, नाही असे नाही. तो गोल करणाऱ्याचे पहिले नाव पुकारतो आणि स्टँड आडनावाने उत्तर देते. परंतु नव्वद मिनिटांचे गाणे उचलणारा वेगळाच असतो. खाली कठड्यावर चढलेला, हातात मेगाफोन घेतलेला तो तरुण मैदानाकडे पाठ करून उभा असतो आणि सामना त्याला जेमतेम दिसतो. त्याला क्लबाने पगारावर ठेवलेले नाही. ढोल किती आणि मेगाफोन किती, हे पाहुण्या संघाच्या समर्थकांना आधी ठरवून घ्यावे लागते, म्हणजे वाद्यांची नोंद होते. वाद्ये बंद होत नाहीत. एवढा फरक माझ्या मित्राने लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

मी या मैदानावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र तिथे आवाजच नव्हता. ते 2012 च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. स्टेडियममधील सुरक्षेचे नवे नियम जर्मन लीग 12 डिसेंबरला मंजूर करणार होती, आणि त्यांच्या निषेधार्थ देशभरातील समर्थकांनी प्रत्येक सामन्याची पहिली 12 मिनिटे 12 सेकंद मौन पाळायचे ठरवले होते. मला यातले काहीही ठाऊक नव्हते. मी उत्सुकतेने आत शिरलो, तर हजारो माणसे हाताची घडी घालून उभी होती आणि गोलरक्षकाने बचावपटूला दिलेली हाक वरपर्यंत ऐकू येत होती. मग घड्याळ पुढे सरकले आणि सगळा स्टँड एकदम फुटला. त्या दिवशी मला कळले की हा आवाज ज्यांचा आहे त्यांना तो रोखूनही धरता येतो. ध्वनिक्षेपकावर लावलेल्या गाण्याला संप करता येत नाही.

आता शिस्तीविषयी. फेब्रुवारी 2017 मध्ये लाइपझिगचा संघ इथे आला, तेव्हा आमच्याच लोकांनी त्यांच्या समर्थकांवर दगड आणि डबे फेकले, आणि त्या समर्थकांत लहान मुले घेऊन आलेली कुटुंबेही होती. फुटबॉल महासंघाने क्लबाला एक लाख युरोंचा दंड केला आणि वोल्फ्सबुर्गविरुद्धच्या सामन्यासाठी संपूर्ण दक्षिण स्टँड बंद ठेवला. म्हणजे मित्राचे पाचवे कलम जर्मनीत वापरून झालेले आहे. त्या शनिवारी 25 हजार माणसांचे कार्ड निकामी झाले, त्यांतले माझेही एक, आणि मी घरी टीव्हीवर ती करडी, रिकामी पायऱ्यांची चढण पाहत बसलो. संघ 3-0 ने जिंकला. दगड फेकणारे किती होते आणि शिक्षा भोगणारे किती, यावर इथे जो वाद झाला तो मी आमच्या गटावर जसाच्या तसा चिकटवला असता, तर कोणाला तो कोल्हापूरचाच वाटला असता.

फरक त्यानंतरच्या कामात आहे, आणि ते काम रोजचे व कंटाळवाणे असते. इथे प्रत्येक मोठ्या क्लबाच्या शहरात समर्थकांसाठी समाजकार्यकर्ते नेमलेले असतात. त्यांचा निम्मा खर्च फुटबॉल संघटना उचलतात, उरलेला राज्य आणि शहर. हे लोक पोलीस नव्हेत. कोणता मुलगा कोणाबरोबर फिरतो, कोणाची नोकरी गेली, कोणाला सध्या भडकवू नये, हे त्यांना नावानिशी ठाऊक असते. आमच्याकडे हेच काम तालमीतली जुनी माणसे फुकट करत आली आहेत. त्यांना हंगामाआधी आयोजकांबरोबर एका टेबलाशी बसवणे खुर्च्यांपेक्षा स्वस्त पडेल, पण त्यात बांधकाम नाही.

खुर्च्यांचे वेड इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवरून आले आहे. तिथे 1989 मध्ये हिल्सबरो येथे झालेल्या चेंगराचेंगरीत 97 माणसे गेली आणि त्यानंतर वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर सर्वत्र खुर्च्या आल्या. मात्र 2016 च्या न्यायचौकशीने दोष समर्थकांवर नव्हे, तर पोलिसांच्या गर्दी हाताळण्यावर ठेवला. आणि 2022 पासून त्याच इंग्लंडने कठडे लावून उभे राहण्याच्या जागा परत दिल्या. पुढे गेलेले लोक मागे वळले, तेव्हा आम्ही त्यांची पहिली चूक गिरवायला निघालो आहोत.

भारतात 2018 मध्ये काय झाले होते, ते आठवावे. अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 ने हरवले आणि कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, ते पाहायला 2,569 माणसे होती. दुसऱ्या दिवशी त्याच कर्णधाराला चित्रफीत काढून विनवणी करावी लागली की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली, हे खरे. पण बोलावल्यावर आलेली गर्दी पुन्हा बोलवावी लागते. कोल्हापुरात प्रेक्षकाला बोलवावे लागत नाही, आवरावे लागते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे कोणा जाहिरात कंपनीने काढलेली नाहीत. ती तालमींची आहेत, आणि तालीम पेठेची आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराने दिला. अशा ठिकाणी माईकवरून "आवाज करा" असे सांगायला माणूस नेमायचा, ही कल्पना मला अपमानास्पद वाटते.

एक गोष्ट मात्र मित्राच्या बाजूने मान्य करतो. माझ्या लहानपणी त्या पायऱ्यांवर बायका जवळजवळ दिसत नसत. माझ्या बहिणीला फुटबॉल माझ्यापेक्षा अधिक कळायचा, आणि ती स्कोअर माझ्याकडून ऐकायची. माझी मुलगी इथे मानेभोवती पिवळी मफलर गुंडाळून माझ्यापुढे उभी राहते आणि शिव्यांची गाणी माझ्याआधी पाठ करते. खुर्च्या टाकल्याने बहीण आली असती असे नव्हे, पण हलगीचे गुणगान करताना तिला वगळून चालणार नाही.

दुसरी गोष्ट मी गटावर लिहिलेली नाही. नववीत असताना एका ऑफसाइडच्या निर्णयावर मी पाण्याची पिशवी फेकली होती. ती सहायक पंचाच्या खांद्यावर फुटली. मागच्या पायरीवरच्या एका काकांनी माझी कॉलर धरून मला खाली बसवले आणि विचारले, "कुणाचा रे तू?" मी वडिलांचे नाव सांगितले. मी सामना संपवून घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती.

इथे इतक्या वर्षांत माझ्या हातून कागदाचा बोळाही सुटलेला नाही. मित्र याला जर्मन शिस्त म्हणेल. मला ठाऊक आहे की मी काही फेकले, तर ते डॉर्टमुंडच्या एका समर्थकाने फेकलेले ठरणार नाही, त्या परदेशी माणसाने फेकलेले ठरेल. इथे कोणी कॉलर धरून कुणाचा म्हणून विचारणार नाही. कार्डाचा क्रमांक टिपून घेतील. महासाथीच्या काळात, मे 2020 मध्ये, शेजारच्या शाल्क क्लबाला 4-0 ने हरवल्यावर खेळाडू नेहमीप्रमाणे आमच्या रिकाम्या स्टँडसमोर जाऊन उभे राहिले, तेव्हा पडद्यासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. पण आठवत होत्या त्या दुसऱ्याच पायऱ्या, उन्हाने तापलेल्या, ज्यांवर बसताना खाली वर्तमानपत्र घ्यावे लागे.

मित्राला अजून उत्तर पाठवलेले नाही. काल भाच्याने स्टेडियमवरून अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाठवली. कॅमेरा हलत होता, चेहरे दिसत नव्हते, फक्त हलगी कडकडत होती. पूर्वी मी डोळे मिटून सांगू शकत असे की वाजवणारा कोणत्या पेठेचा आहे. इअरफोन लावून तीनदा ऐकले आणि शेवटी त्यालाच विचारले की ही कोणाची. त्याचे उत्तर आले, "मामा, तुला कळंना व्हय?"